ट्रिएस्ट मोकळं होतं, दत्ता

दत्ता,

तुझ्या दहाव्याला मी आलो नाही. सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून सुप्याच्या फाट्यावर उभा होतो, प्रवरासंगमला जायचं म्हणून. नगरच्या दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मी चढलो नाही. मला भीती वाटली की मी घाटावर उभा असेन तोवर कावळा शिवायचा नाही, आणि मग सगळे एकमेकांना विचारतील, दत्ताचं काय राहिलं असेल. कुणी माझ्याकडे बघितलंही नसतं. पण मी खोलीवर परत आलो आणि दिवसभर शर्ट न बदलता बसून राहिलो. कावळा शिवायला किती वेळ लागला, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

तू गेल्याला आज तेवीस दिवस झाले. पेपरात फोटोखाली दोन ओळी आल्या होत्या. कुठला, कुणाचा कोण, मागे कोण कोण. त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला जोशी सरांच्या टेबलावरच्या नकाशाबद्दल बोलायचंय, आणि कंपनीतल्या त्या एका बैठकीबद्दल. तिच्याविषयी आपण दीड वर्षात एकदाच बोललो, तेही केडगावच्या स्टॉपवर उभ्या उभ्या, अर्धवट.

आठवतं का, सुप्यात नवा आलो तेव्हा मी कुणाशी बोलायचो नाही. क्वालिटीत आठ तास काढायचे, कंपनीमागच्या भाड्याच्या खोलीवर यायचं, कुकर लावायचा. बायको पुण्याला माहेरी गेली होती आणि ती परत येणार नाही हे दोघांनाही कळलं होतं, फक्त बोलून झालं नव्हतं. रविवारी मी कपडे धुवायचो आणि ते वाळेपर्यंत झोपायचो. तू मेंटेनन्सचा सुपरवायझर. तुझी माझी ओळख नुसती मान हलवण्यापुरती. एक दिवस कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसलास.

"हेमंतराव, रविवारी काय करता?"

"काही नाही."

"मग चला नगरला. आमाला एक मानूस कमी पडतोय. सात लागत्यात."

"कशाला?"

"लढाईला," तू म्हणालास आणि माझ्या ताटातली मिरची उचललीस.

जोशी सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सावेडीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत एक लांबरुंद टेबल, आणि त्यावर त्यांच्या भाच्यानं परदेशातून पाठवलेला तो खेळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपचा नकाशा, सात देश, प्रत्येकाच्या रंगाच्या लाकडी फौजा आणि आरमारं. फासे नाहीत, पत्ते नाहीत. मला वाटलं होतं बुद्धिबळासारखं काही असेल. तसं नव्हतंच. प्रत्येक चालीआधी पंधरा मिनिटं मिळायची. त्यात कुणीही कुणालाही गॅलरीत, जिन्यात, स्वयंपाकघरात नेऊन बोलायचं, तह करायचे, वचनं द्यायची. सर त्याला मसलत म्हणायचे. मग सगळ्यांनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दिलेलं वचन पाळलंच पाहिजे असा नियम नव्हता. आणि एकट्या फौजेनं काही होत नव्हतं. समोर एक उभी असली की दोघी जागच्या जागी अडकायच्या. पुढं सरकायचं तर दुसऱ्या फौजेची कुमक लागायची, आणि शेजाऱ्यानं कबूल केलेली कुमक त्यानं खरंच लिहिली आहे का, ते चिठ्ठी उघडेपर्यंत कळायचं नाही.

पहिल्या दिवशी देश वाटताना सगळे रशिया नाहीतर फ्रान्स मागत होते. ऑस्ट्रिया आणि इटली कुणालाच नको. एक चारी बाजूंनी वेढलेला, दुसऱ्याला वाढायला जागा नाही. तू म्हणालास, "द्या आमाला. मी इटली घेतो, हेमंतराव ऑस्ट्रिया घेत्याल." मला विचारलंही नाहीस. पुढं ते ठरूनच गेलं. चार वर्षांत कितीतरी डाव झाले, पण त्या दोन देशांवर आपलीच नावं पडली.

मसलतीत तू मला जिन्यात नेलंस, एकदम अरे-तुरेवर आलास आणि जे सांगितलंस त्यानं मी हादरलो. ट्रिएस्ट हे माझं घरचं ठाणं, व्हेनिस तुझं, आणि दोन्ही एकमेकांना लागून. नकाशावर असे भिंतीला भिंत असलेले शेजारी दुसरे नाहीत. म्हणून पहिल्याच चालीत दोघं एकमेकांना घाबरतात, दारं लावून बसतात आणि तोवर तुर्क आणि रशिया मोठे होतात. तू म्हणालास, "तू तुजं आरमार ट्रिएस्टातनं काढून खाली अल्बानियात ने. ट्रिएस्ट मोकळं कर. मी तिथं माजी फौज आनतो."

"माझ्या घरात?"

"फकस्त वसंतात. शरदाला तिथनं पुडं सर्बियात जातो, तू ग्रीस घे. दोगं मिळून तुर्काला दाबू. तो वाडायच्या आत."

वर्षाला दोन चाली, एक वसंताची, एक शरदाची. शरदाच्या शेवटी ज्या ठाण्यावर ज्याची फौज उभी, ते ठाणं त्याचं. म्हणजे तू सर्बियाला गेला नाहीस, नुसता बसून राहिलास, तरी माझं घर तुझं होणार होतं. मी तुला म्हणालो, "आणि तू हललाच नाहीस तर?"

"मग तू फशी पडलास, आनि पुडच्या रविवारी तू येनार न्हाईस," तू म्हणालास. "मग मी कुनासंगं खेळू?"

मी ट्रिएस्ट मोकळं केलं. वसंतात तुझी हिरवी फौज माझ्या लाल मुलखात येऊन बसली आणि शबाना मॅडम, ज्युनियर कॉलेजात शिकवणाऱ्या आणि आपल्या सगळ्यांत निष्ठुर खेळणाऱ्या, माझ्याकडे बघून हसल्या. तुर्कस्तान त्यांचा होता. "गेलात तुम्ही," म्हणाल्या. शरदाच्या चिठ्ठ्या उघडेपर्यंत माझे तळहात ओले झाले होते. लाकडाच्या तुकड्यांसाठी माणसाचे हात ओले होतात, हे मला माहीत नव्हतं. सरांनी तुझी चिठ्ठी वाचली. ट्रिएस्टमधली फौज सर्बियाकडे. मी तुझ्याकडे बघितलं तर तू पोह्यांत लिंबू पिळत होतास.

पुढं तू मला सांगितलंस की हे सगळं तू घोडेगावच्या बाजारात शिकलास. तुझे वडील तिथं बैलांचे दलाल. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरायचा, भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला आकडा कळायचा नाही. तू म्हणायचास, बाबा खोटं पुष्कळ बोलायचे, बैलाचं वय, दात, चाल, सगळं. पण उपरण्याखाली हात दिला की तो शब्द फिरवायचे नाहीत. मी म्हणायचो, मग तू खेळात दगा कसा देतोस? कारण बाकीच्यांना तू दगा द्यायचास. जर्मनीला तर दर डावात. तू म्हणायचास, "त्यांना मी हात कुटं दिलाय? त्यांना नुस्तं तोंड दिलंय."

त्या रविवारांनी मला माणसांत आणलं, दत्ता. मी सकाळच्या बसनं केडगावला उतरायचो, तू मोटारसायकल घेऊन उभा असायचास. तिथंच टपरीवर चहा घेत आपली पहिली मसलत व्हायची, सरांच्या नियमांत न बसणारी. मला डेंग्यू झाला तेव्हा अकरा दिवस तू कंपनीतून सुटल्यावर खोलीवर यायचास, वहिनींनी दिलेला डबा ठेवायचास आणि कागदावर काढलेला नकाशा उशीवर पसरून विचारायचास, "बोल, रशिया गॅलिशियात आला तर काय करशील?" मला ताप असायचा. मी उत्तर द्यायचो. हे मी तुला कधी बोललो नाही, पण त्या दिवसांत कुणीतरी मला प्रश्न विचारत होतं, याचाच मला आधार होता.

मग लाइनवरच्या सोपानचा हात प्रेसमध्ये गेला.

तुला काय सांगायचं, तूच त्याला उचललंस. पण मला ते एकदा सरळ लिहून काढायचंय. प्रेसला सेन्सर होता, हात आत असेल तर मशीन थांबवणारा. माल निघायची घाई होती आणि सेन्सरमुळं लाइन सारखी थांबत होती. प्रॉडक्शनचे साहेब लाइनवर आले आणि तुला म्हणाले, बंद करा तो, महिनाअखेरीपर्यंत. तू म्हणालास, लेखी द्या. ते म्हणाले, करा म्हणतोय ना. तू नाही केलास. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. मी चार फुटांवर उभा होतो, हातात तपासणीचा पार्ट घेऊन. सगळं ऐकलं. पाच दिवसांनी सोपानच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पाथर्डीकडचा माणूस, आईबाप, बायको सगळे ऊसतोडीला जाणारे. कोयता सोडून कंपनीत लागलो म्हणून पहिल्या दिवशी सगळ्या लाइनला पेढे वाटले होते त्यानं.

कंपनीनं चौकशी लावली. कामगाराचा निष्काळजीपणा, असं आधीच बोललं जात होतं. बैठकीच्या आदल्या रविवारी डाव झालाच नाही, आपण दोघं टपरीवरच बसलो होतो.

"बोलायचं सगळं मी बोलतो," तू म्हणालास. "तू नुस्तं हो म्हन. साहेब बोलले तवा मी हुतो, एवढंच. एकट्याचं कोन ऐकत न्हाई. दोगं असलं की लिवून घ्यावं लागतं."

"म्हणेन," मी म्हणालो.

तू हात पुढं केलास. मी दिला.

बैठकीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. तू उभा राहून बोललास, न चिडता, तारीख-वेळेसकट. मग त्यांच्यातला एक माझ्याकडे वळला. "सेन्सर बंद करायला सांगितलं तेव्हा तुम्ही तिथं हजर होतात, असं शिंदे म्हणतात. होतात का?"

आदल्या संध्याकाळी मला कुणी धमकावलं नव्हतं. हे मला नीट सांगू दे, कारण तू बहुतेक तसं समजत राहिलास. प्रॉडक्शनचे साहेब फक्त पार्किंगमध्ये भेटले आणि म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात, देशमुख." एवढंच. पण रात्रभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, घर नाही, कुणी वाट बघणारं नाही, ही नोकरी गेली तर सकाळी उठून जायचं कुठं?

"मी लाइनवर होतो," मी म्हणालो. "पण नक्की काय बोलणं झालं, ते मला नीट आठवत नाही."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी वाट बघत होतो की बघशील. तू समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलंस आणि खाली बसलास.

सोपानला निष्काळजी ठरवून काढलं. तुला महिनाभरात श्रीरामपूरकडच्या गोदामावर पाठवलं. मेंटेनन्सच्या माणसाला गोदामात काम काय, तर येणाजाणाऱ्या गाड्यांची नोंद. केडगावहून पहाटेची गाडी, घरी यायला संध्याकाळचे आठ. मी सुप्यातच राहिलो. तोच बाक, तोच तपासणीचा गेज.

मला वाटलं, आता रविवार संपले. पण त्या आठवड्यात तुझा फोन आला. "येनार हाय का? सर विचारत्यात." मी केडगावला उतरलो. तू मोटारसायकल घेऊन उभा होतास. चहा घेतला. तू म्हणालास, तुर्क या डावात लई माजलाय, काय करू या? जसं काही झालंच नाही.

दत्ता, त्यानंतरचे सगळे डाव मी तुझी वाट बघत खेळलो. आज नाहीतर उद्या तू मला मारणार, असं मी धरून चाललो होतो. टायरोलमध्ये, तुझ्या व्हेनिसच्या डोक्यावर, मी कायम एक फौज ठेवली. तुला सांगायचो, जर्मनीची भीती वाटते. तुला कळत होतं. मसलतीत मी बोलायचो तेव्हा माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी उघडली की तुझी कुमक मला असायचीच. बुडापेस्टला कुमक, सर्बियाला कुमक. एकदा मी मुद्दाम ट्रिएस्ट मोकळं सोडलं. व्हिएन्नासुद्धा. शहाणा माणूस असं करत नाही. शबाना मॅडमनी जिन्यात तुला गाठून सांगितलं की घे, सगळा डाव तुझा आहे. मी वरून ऐकलं. चिठ्ठी उघडली. तुझी व्हेनिसची फौज जागच्या जागी.

परत जाताना केडगावच्या स्टॉपवर मी विचारलं.

"ट्रिएस्ट मोकळं होतं. घेतलं का नाहीस?"

"घ्यायचं न्हवतं."

"जिंकला असतास."

"मग?"

"मग घ्यायचं, दत्ता. खेळ आहे तो."

तू गाडी स्टँडला लावलीस आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलंस. "तुला पाहिजेल हाय व्हय, मी दगा द्यावा असं? म्हंजी फिटलं असं वाटंल तुला. न्हाई देनार. ऱ्हा तसाच."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी..." तेवढ्यात सुप्याची गाडी आली. तू म्हणालास, "चढ, गर्दी हाय, जागा मिळायची न्हाई." मी चढलो. खिडकीतून बघितलं तर तू मोटारसायकल वळवत होतास. ते वाक्य मी पुढच्या रविवारी पूर्ण करू शकलो असतो. त्याच्या पुढच्या रविवारी. पस्तीस-चाळीस रविवार होते माझ्याकडे.

तू राहुरीच्या स्टँडवर गेलास. पहाटेच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसला होतास म्हणे. कंडक्टरला वाटलं झोप लागलीय. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं जुनं असेल, कुठंही झालं असतं. सगळे मला तेच सांगतात, कुठंही झालं असतं. मी मान हलवतो. पण तू त्या गाडीत का होतास, हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत नाही.

तेराव्यानंतर मी मंगलवहिनींना भेटायला केडगावला गेलो. बसनं उतरलो आणि सवयीनं टपरीकडे वळलो, मग चालत निघालो. तुझं घर स्टॉपपासून इतकं लांब आहे हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. वहिनी ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पार्किंग, बैठक, "आठवत नाही". बोलताना मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी घरी येऊन सांगितलं त्यांनी."

"मग रविवारी त्याला माझ्याबरोबर का येऊ देत होतात?"

"मी म्हनले, नका जाऊ आता त्या मानसासंगं. लई भांडले मी." त्यांनी एक शेंग बाजूला टाकली. "तर म्हनले, आगं, मी न्हाई गेलो तर त्यो रविवारी कुटं जाईल? त्याला कोन हाय?"

मी ओट्याच्या कडेला बसलो आणि एक शेंग सोलायला घेतली. तू स्टॉपवर मला म्हणालास "ऱ्हा तसाच", आणि घरी हे. यातलं खरं कोणतं, ते मी वहिनींना विचारू शकत नाही आणि तुला आता विचारता येत नाही. कदाचित दोन्ही खरी. तू मला सोडलंही नाहीस आणि माफही केलं नाहीस, आणि माझी लायकी याहून कमीच होती. वहिनींनी चहा केला. आम्ही दोघांनी तिथंच घेतला. निघताना त्या म्हणाल्या, "त्या सोपानला भेटला का कोनी? ह्यांच्या जिवाला त्येचं लागून हुतं."

त्यानंतरच्या रविवारी जोशी सरांनी सगळ्यांना बोलावलं. अर्धा राहिलेला डाव तसाच टेबलावर, चादर टाकून ठेवलेला. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती. सर म्हणाले, नियम असा आहे की धनी नसलेल्या फौजा जागेवर उभ्या राहतात, चाल करत नाहीत. पण तुम्ही म्हणाल तर डाव आवरून ठेवू. मीच म्हणालो, एक चाल खेळू.

मसलतीची पंधरा मिनिटं मी गॅलरीत एकटा काढली. कुणाशी बोलायचं तेच कळेना. मग चिठ्ठी लिहिली. ट्रिएस्टच्या फौजेची कुमक व्हेनिसला. टायरोलच्या फौजेची कुमक व्हेनिसला. मला बाकी चारी बाजूंनी मार बसणार होता, बसू दे म्हटलं. सरांनी चिठ्ठ्या वाचल्या. फ्रान्सनं व्हेनिसवर दोन फौजांनी चाल केली होती, ती टिकली नाही. नेपल्स मात्र शबाना मॅडमनी घेतलं, दोन आरमारांनी. नेपल्सपर्यंत माझं काही पोचत नव्हतं. त्यांनी तुझं हिरवं आरमार उचललं आणि ते डब्यात टाकायच्या ऐवजी मुठीत धरून बसल्या.

"दत्ताभाऊ असते तर मी हेच केलं असतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्यांची कीव केलेली त्यांना चालली नसती." आणि मग त्या रडायला लागल्या, आणि सर चष्मा पुसायला लागले. मी काही रडलो नाही. त्या दिवशी डाव आवरला. आम्ही सहाजण होतो, आणि जिन्यात चपला घालताना पुढच्या रविवारचं कुणी बोललं नाही.

पाथर्डीच्या गाडीत मी मंगळवारी बसलो, रजा टाकून. सोपानचं घर सापडायला वेळ लागला. दाराला कुलूप होतं. अंगणात चुलीची राख थंड, शेजारी एक म्हातारी उन्हाला बसलेली.

"तोडीला गेल्यात की," ती म्हणाली. "नवरा-बायको. सांगलीकडं."

"त्याचा हात..."

"डावा गेला न्हवं? कोयता उजव्या हातात आसतो."

तिच्या नातवाकडून नंबर घेतला आणि गावाच्या पारावर बसून फोन लावला. मागून उसाचा आवाज येत होता, पाचट ओढल्याचा, कुणीतरी हाक मारत होतं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "बोला सर." मी म्हणालो, मी त्या दिवशी लाइनवर होतो, साहेब काय बोलले ते मी ऐकलंय, आणि मी आता सरकारी कार्यालयात जाऊन ते लिहून देणार आहे. तुझी हरकत नसेल तर.

"आता काय उपेग, सर?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"शिंदेसाहेब हायेत का संगं? त्यांनीच सांगितलंय आसंल तुमाला. बरं हाय ना त्यांचं?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे कोयत्यांचे आवाज चालूच होते. मग तो म्हणाला, "द्या सर लिवून. कारखाना बंद झाला की मी येतो सहीला."

काल मी नगरच्या कामगार कार्यालयात गेलो. रांग होती, अकराला गेलो तो दीडला नंबर लागला. टेबलामागे एक बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. माझे तीन कागद त्यांनी शांतपणे वाचले, शेवटच्या पानावर परत गेल्या.

"इतके दिवस का दिलं नाहीत?"

"भीती वाटली."

त्यांनी मान हलवली, तसं लिहून घेतलं. मग पेनाचं टोक तुझ्या नावावर टेकवलं.

"हे दुसरे साक्षीदार, दत्तात्रय शिंदे. हे कधी येऊ शकतील? दोघांचं असलं तर बरं पडतं."

मी सांगितलं. त्या "अरे" म्हणाल्या, तुझ्या नावापुढं कंसात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"म्हणजे तुम्ही एकटेच."

"हो," मी म्हणालो, "एकटाच." आणि सही केली.